वर्षं फुकट घालवायची, महिने विकत घ्यायचे

यकृताच्या कर्करोगावर आपल्याकडे उपचारच नाहीत, असं कुणी हळहळत म्हणालं की माझा पारा चढतो. नाहीत कसे? गाठ कापून काढता येते. सुई घालून जाळता येते. मांडीतल्या धमनीतून नळी नेऊन थेट गाठीच्या रक्तपुरवठ्यात औषध सोडता येतं आणि मागोमाग ती वाट बुजवता येते. किरणोत्सर्गी यट्रियमचे सूक्ष्म गोल गाठीत नेऊन ठेवता येतात; भाभा अणुसंशोधन केंद्राने ते देशातच तयार केले आहेत. अख्खं यकृत बदलता येतं. गोळ्या आहेत, इम्युनोथेरपीची इंजेक्शनं आहेत. यातलं मुंबई-पुण्यात काय होत नाही? सगळं होतं. फक्त ज्याच्यावर हे करायचं तो माणूस दारात येतो तेव्हा यातलं बहुतेक काही करण्याजोगा उरलेला नसतो. आणि नेमका तेव्हाच घराचा, ट्रस्टचा, सरकारचा हात सैल सुटतो.

मी डॉक्टर नाही. मुंबईतल्या एका रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात माझं टेबल आहे. एस्टिमेट घेऊन आलेल्या नातेवाइकांना कुठल्या ट्रस्टला अर्ज करायचा, मुख्यमंत्री सहायता निधीला काय काय जोडायचं, रेशनकार्डावरचं आणि आधारवरचं नाव जुळत नसेल तर काय करायचं, हे सांगणं माझं काम. औषध शरीरात काय करतं ते डॉक्टर जाणोत. पैसा कुठून येतो, कुठे जातो आणि त्या बदल्यात घराला काय मिळतं, ते माझ्या टेबलावरून लख्ख दिसतं. दिसतं ते असं, की या आजारात आपण वर्षं फुकट घालवतो आणि शेवटी महिने विकत घ्यायला धावतो.

हे माझ्या मनाचं नाही. बार्सिलोनाच्या डॉक्टरांनी १९९९ साली या आजाराच्या पायऱ्या ठरवल्या. जगभर आजही त्याच वापरतात. २०२२ साली त्यांची सुधारित आवृत्ती आली. तिच्यात प्रत्येक पायरीसमोर अपेक्षित आयुष्य लिहून ठेवलंय. गाठ लहान, एखाद-दुसरी आणि यकृत कामाचं असेल तर ५ वर्षांहून जास्त. गाठी अनेक, पण यकृतातच असतील तर अडीच वर्षांहून जास्त. आजार रक्तवाहिनीत शिरला किंवा बाहेर पसरला आणि नवी औषधं झेपली तर २ वर्षांहून जास्त. यकृतच खचलं असेल, माणूस अंथरुणाला खिळला असेल, तर ३ महिने. आजार एकच. एका टोकाला पाच वर्षांच्या पुढचं आयुष्य आणि दुसऱ्या टोकाला एक उन्हाळा. आपले बहुसंख्य रुग्ण खालच्या पायऱ्यांवरच का सापडतात, हा खरा प्रश्न. तो विचारायला कुणाला सवड नाही, कारण सगळे नव्या इंजेक्शनचं नाव विचारण्यात गुंतलेले.

दुसरी गोष्ट तर नातेवाइकांना कुणी नीट सांगतच नाही. या रुग्णाला एकाच जागी दोन आजार असतात. एक कर्करोग, आणि बहुतेकांना त्याच्या आधीपासून मुरलेला सिरोसिस. गाठ मारायला निघालेलं औषध उरलेल्या यकृताला झेपलं तरच उपयोग. म्हणून डॉक्टर पाच गोष्टी मोजतात: बिलिरुबिन, अल्ब्युमिन, रक्त गोठायला लागणारा वेळ, पोटातलं पाणी आणि मेंदूवर झालेला परिणाम. त्यावरून चाइल्ड-प्यू ए, बी किंवा सी ठरतं. नातेवाईक विचारतात, ‘डॉक्टर, गाठ केवढी आहे?’ विचारायला हवं, ‘चाइल्ड कितवा?’ सोराफेनिब ही गोळी घेणाऱ्या तीन हजारांहून जास्त रुग्णांची जगभरातून नोंद ठेवली गेली. ‘ए’वाल्यांचं मध्यम आयुर्मान १३.६ महिने निघालं, ‘बी’वाल्यांचं ५.२ आणि ‘सी’वाल्यांचं २.६. गोळी तीच.

आता त्या गोळीचीच कथा घ्या, कारण तिच्यात आपली सगळी वृत्ती दिसते. २००८ साली सोराफेनिबची मोठी चाचणी प्रसिद्ध झाली: गोळी घेणारे १०.७ महिने, न घेणारे ७.९. फरक पावणेतीन महिन्यांचा. तोवर या अवस्थेत आयुष्य वाढवणारं औषध नव्हतंच, त्यामुळे जगाने टाळ्या वाजवल्या ते ठीक. बायर कंपनी भारतात महिन्याच्या डोसाचे २,८०,४२८ रुपये घेत होती. मार्च २०१२ मध्ये पेटंट नियंत्रकांनी नॅटको या हैदराबादच्या कंपनीला सक्तीचा परवाना दिला आणि किंमत ठरवली ८,८८० रुपये. देशातला पहिला असा परवाना. बायर अपिलात गेली, मुंबई उच्च न्यायालयात गेली, सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली आणि २०१४ च्या डिसेंबरात तिथेही हरली. मधल्या काळात कंपनीच्या प्रमुखाने हे औषध भारतीयांसाठी बनवलेलंच नाही, ज्यांना परवडतं त्या पाश्चिमात्य रुग्णांसाठी बनवलंय, असं जाहीरपणे बोलून दाखवलं. त्याची जगभर छी-थू झाली, आणि व्हायलाच हवी होती. तो लढा न्याय्य होता, आणि तो परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याला मी आजही हात जोडेन.

पण पावणेतीन महिन्यांच्या औषधासाठी जो देश सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढला, त्याच देशाने हा कर्करोग मुळात होऊ न देणारी लस काय वेगाने दिली? तैवानने १९८४ साली नवजात बाळांना हिपॅटायटिस बीची लस द्यायला सुरुवात केली. दहा वर्षांत तिथल्या ६ ते १४ वयाच्या मुलांमधला यकृताचा कर्करोग निम्म्यावर आला. तो निष्कर्ष १९९७ साली छापून जगापुढे आला. कर्करोग लशीने टळतो याचा तो पहिला धडधडीत पुरावा. आपण २००२ साली प्रायोगिक तत्त्वावर सुरुवात केली आणि सबंध देशाच्या लसीकरणात ही लस यायला २०११ उजाडलं. म्हणजे आज जे तिशी-चाळिशी-पन्नाशीत आहेत, त्यांच्यातल्या बहुतेकांच्या वाट्याला ती आलीच नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने भारतात जवळपास ३ कोटी लोकांच्या रक्तात हा विषाणू आहे. बहुतेकांना त्याचा पत्ता नाही.

पत्ता नाही म्हणजे कुणी तपासलंच नाही, असं मात्र समजू नका. माझ्या टेबलावर आलेली एका रिक्षावाल्याची फाइल सांगते. वरचा कागद ताज्या सीटी स्कॅनचा: उजव्या भागात मोठी गाठ, पोर्टल व्हेनमध्ये आजार शिरलेला. खालची पानं उलटत गेले तर हर्नियाच्या ऑपरेशनचं जुनं डिस्चार्ज कार्ड. त्यावर कोपऱ्यात लाल शाईचा ठसठशीत शिक्का: ‘एचबीएसएजी रिअॅक्टिव्ह’. म्हणजे हिपॅटायटिस बी. त्या शिक्क्याचं त्या वेळी काय झालं, हे मी त्याच्या बायकोला विचारलं. तिला लख्ख आठवत होतं. त्याचं ऑपरेशन यादीत सगळ्यात शेवटी घेतलं आणि स्पेशल किटचे जास्तीचे पैसे लावले. बस्स. सर्जनने स्वतःचे हात सांभाळले, नर्सबाईंनी स्वतःची सुई सांभाळली, बिलिंगने किट सांभाळलं. ज्याच्या यकृतात तो विषाणू होता त्याला मात्र ‘हे काय आहे आणि पुढे कुठे जायचं’ हे एका वाक्यात सांगायला कुणाला तोंड उघडवलं नाही. घरच्यांची तपासणी कर, बायकोला लस दे, दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी कर. इतकंच सांगायचं होतं. शिक्का मारायला लागतो त्याहून कमी वेळ लागला असता.

अशा फायली एखाद-दुसऱ्या नाहीत. आपल्याकडे रक्तदान शिबिरांना तोटा नाही; जयंती असो, पुढाऱ्याचा वाढदिवस असो, मांडव पडतोच. दान केलेल्या प्रत्येक बाटलीची हिपॅटायटिस बी आणि सीसाठी तपासणी सक्तीची आहे. दूषित बाटली फेकली जाते, आणि बऱ्याचदा दाता मेडल आणि बिस्किटाचा पुडा घेऊन घरी गेलेला असतो तो गेलेलाच राहतो. प्रत्येक गरोदर बाईची ही तपासणी व्हायला हवी. झाली तरी निकालाचं पुढे काय, हे तिला कुणी सांगेलच असं नाही. तपासणी दुसऱ्याला वाचवायला, आणि ज्याची केली तो वाऱ्यावर.

आणि सोय नाही म्हणाल तर तसंही नाही! २०१८ साली राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. तपासणी मोफत, औषधं मोफत. हिपॅटायटिस सी बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी शंभरातल्या ९५ जणांचा बरा होतो. बी बरा होत नसला तरी रोजच्या एका गोळीने विषाणू दाबून ठेवता येतो आणि कर्करोगाचा धोका पुष्कळ खाली येतो. एवढं मोफत असलेलं आपल्या वस्तीत किती जणांना माहीत आहे, विचारून बघा. हेच नव्या इंजेक्शनचं नाव विचारा, व्हॉट्सअॅपवरून पाठ झालेलं असतं.

त्या इंजेक्शनांवरही एकदा स्पष्ट बोलू. अॅटेझोलिझुमॅब आणि बेव्हासिझुमॅब या जोडीने सोराफेनिबला मागे टाकलं, हे खरं: मध्यम आयुर्मान १९.२ महिने विरुद्ध १३.४. ड्युर्वालुमॅब-ट्रेमेलिमुमॅब घेणाऱ्यांपैकी पाच वर्षांनी सुमारे २० टक्के हयात होते, सोराफेनिबवर ९ टक्के. दहा वर्षांपूर्वी हे स्वप्नातही नव्हतं. ज्याला ही औषधं लागू पडतात त्याला ती मिळालीच पाहिजेत, त्यासाठी सक्तीचा परवाना लागला तर तोही द्या. पण या चाचण्यांत घेतलेले रुग्ण कोण होते? चाइल्ड ए. हिंडते-फिरते. पहिल्या जोडीच्या चाचणीत तर अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा दुर्बिणीने आधी तपासलेले, कारण बेव्हासिझुमॅबने त्यातून रक्तस्राव होऊ शकतो. आपल्याकडे काय होतं? डोळे पिवळे, पोटात पाणी, माणूस अर्धवट गुंगीत, आणि मुलगा माझ्यासमोर काही लाखांचं एस्टिमेट ठेवून सांगतो, ‘मॅडम, डॉक्टर म्हणाले ट्राय करून बघू.’ हा ‘ट्राय’ कुणाच्या जमिनीवर चाललाय? चाचणीतले एकोणीस महिने या माणसासाठी नव्हतेच. ते आकडे दाखवून याला इंजेक्शन विकणं ही सरळसरळ फसवणूक आहे, आणि ती करणारे पांढऱ्या कोटात आहेत म्हणून मी शब्द मऊ करणार नाही.

असंच ऑपरेशननंतर ‘सेफ्टीसाठी’ इम्युनोथेरपी सुचवण्याचं. २०२३ साली एका चाचणीने पहिल्या फेरीत आशा दाखवली. पुढच्या पाहणीत तो फायदा टिकला नाही. पहिली बातमी एस्टिमेटात उतरली. दुसरी अजून वाटेत असावी. धमनीतून केलेल्या उपचाराचं, म्हणजे ‘टेस’चंही तेच. २००२ साली बार्सिलोना आणि हाँगकाँगच्या चाचण्यांनी निवडक रुग्णांत त्याने आयुष्य वाढतं हे सिद्ध केलं. ‘निवडक’ हा शब्द आपल्याकडे येईपर्यंत गळून पडला. गाठ हलत नाही, यकृत दर वेळी आणखी खचतंय, तरी तिसरा ‘टेस’, चौथा ‘टेस’. गाठ आटोक्यात आणि रुग्ण स्मशानात, असेही रिपोर्ट मी पाहिलेत.

आता जिथे वर्षं मिळतात तिथे काय चाललंय ते बघा. गाठ एकच आणि ५ सेंटीमीटरपर्यंत, किंवा तीनपर्यंत गाठी आणि एकही ३ सेंटीमीटरच्या वर नाही, तर यकृत बदलून फायदा होतो, हे मिलानच्या माझ्झाफेरो यांनी १९९६ साली दाखवलं. चार वर्षांनी त्यांचे ७५ टक्के रुग्ण जिवंत होते. याहूनही लहान गाठ सुईने जाळून काम भागतं, रुग्ण एक-दोन दिवसांत घरी. अशी लहान गाठ सापडते ती दुखलं म्हणून नाही. यकृताच्या पोटात दुखणं कळवणारी यंत्रणाच नाही. दुखायला लागतं ते गाठ आवरणापर्यंत पोचल्यावर. लहान गाठ शोधावी लागते. दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी आणि एएफपीची रक्ततपासणी. शांघायमध्ये जवळपास १९ हजार लोकांवर हे करून पाहिलं. सांगितलेले सगळेजण नियमित आलेही नाहीत, तरी यकृताच्या कर्करोगाचे मृत्यू ३७ टक्क्यांनी कमी झाले. कुठलं इंजेक्शन हे करतं? पण सोनोग्राफीला ना जाहिरात, ना कंपनीचा माणूस, ना परदेशात परिषद. सरकारी योजनाही मुख्यतः दाखल झालेल्या रुग्णासाठी. दाखल व्हायची वेळ येऊ नये म्हणून लागणाऱ्या सोनोग्राफीसाठी माणसाने सकाळपासून रांगेत उभं राहायचं आणि पुढच्या महिन्याची तारीख घेऊन परतायचं. आग सोमेश्वरी, बंब रामेश्वरी.

‘पण आमच्याकडे कुणी पीत नाही हो!’ हे वाक्य माझ्या टेबलावर रोज पडतं. जणू दारू न पिणाऱ्याच्या यकृताला अभय आहे. मधुमेह, सुटलेलं पोट आणि त्यातून चरबीने भरलेलं यकृत हाही आता याच कर्करोगाचा मोठा रस्ता आहे. हेल्थ चेकअपच्या प्रत्येक तिसऱ्या-चौथ्या रिपोर्टवर ‘ग्रेड १ फॅटी लिव्हर’ लिहिलेलं असतं आणि ‘सगळ्यांनाच असतं’ म्हणून तो रिपोर्ट गादीखाली जातो. यकृत कितपत कडक झालंय याचा अंदाज घ्यायला यंत्रही लागत नाही. वय, एएसटी, एएलटी आणि प्लेटलेट एवढे चार आकडे घालून फिब-४ नावाचा हिशेब मोबाइलवर मिनिटभरात होतो. वर्षानुवर्षं साखर बघणाऱ्या किती डॉक्टरांनी तो एकदा तरी केला असेल?

आणि जो खरोखरच पीत होता, त्याचं तर विचारूच नका. रात्रपाळीच्या शिकाऊ डॉक्टरने केसपेपरवर ‘कधीमधी मद्यपान’ असं दोन शब्दांत खरडलं की विमा कंपनी तेवढ्यावर क्लेम फेटाळते. समाज म्हणतो, भोगा आपल्या कर्माची फळं. उत्पादन शुल्कातून दरवर्षी हजारो कोटी गोळा करणारं सरकार मात्र कुठल्याच कर्माचं फळ भोगत नाही. त्या पैशातून प्रत्येक तालुक्याला व्यसनमुक्तीचा एक धड दवाखाना आणि यकृताची ओपीडी उभी राहिली असती. दारूबंदीच्या गप्पा मारणाऱ्यांनी निदान हा हिशेब तरी मागावा.

उशीर करण्यात घरही मागे नसतं. डोळे पिवळे दिसले की आधी काविळीची माळ. डोक्यावर ठेवायची, ती वाढत वाढत खाली आली की कावीळ उतरली. ओल्या काड्या सुकतात, गाठी सैल होतात आणि माळ लांब होते. कुणाच्याही डोक्यावर ठेवा, होणारच. साधी कावीळ आपली आपण जाते, श्रेय माळेला. ज्याची गाठीमुळे आहे त्याचे दोन महिने तिथेच जातात. शिकलेल्या घरांत माळेऐवजी काढा असतो. करोनाकाळात गुळवेलीचा काढा प्यालेल्यांच्या यकृताला इजा झाल्याची प्रकरणं मुंबईच्याच डॉक्टरांनी २०२१ साली प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षांनाच आव्हान दिलं. ‘नैसर्गिक आहे, अपाय होत नाही’ म्हणणाऱ्यांना एवढंच सांगते, की बुरशी लागलेल्या शेंगदाण्यातलं अफ्लाटॉक्सिनही नैसर्गिकच आहे, आणि ते या कर्करोगाचं सिद्ध झालेलं कारण आहे.

प्रत्यारोपणाबद्दल एकच गोष्ट बोलते, कारण ती कुणी बोलत नाही. खासगी रुग्णालयात वीस-पंचवीस लाखांचं हे ऑपरेशन आपल्याकडे बहुतांशी जिवंत दात्याच्या यकृताच्या तुकड्यावर होतं. देणारी बहुतेकदा बायको, आई, बहीण, मुलगी. घेणारा बहुतेकदा पुरुष. बायकोला यकृत हवं असतं तेव्हा नवऱ्याचं बीपी निघतं, दिराला मुलं लहान असतात आणि सासरे म्हणतात, बघू, आयुर्वेदिक करून बघू. मेंदूमृत दात्यांची संख्या वाढवा, असं सरकारला दहादा सांगून झालं. तोवर ‘त्याग’ वगैरे शब्द वापरून या बायकांची पूजा बांधू नका.

उरला तो शेवटच्या पायरीवरचा माणूस. त्याला केमो नको, इंजेक्शन नको, आयसीयू तर नकोच. पोटातलं पाणी काढणारा, खाज थांबवणारा, मॉर्फिन देणारा डॉक्टर हवा आणि खरं सांगणारा माणूस हवा. आपण त्याला नेमकं हेच देत नाही. ‘बाबांना सांगू नका, खचतील’ म्हणत मुलगे माझ्यापुढे जमिनीचा सातबारा ठेवतात. बाबांना सगळं कळलेलं असतं. जमीन विकल्याचं तेवढं सांगितलेलं नसतं. उपशामक उपचार म्हणजे हात वर करणं, हा समज डॉक्टरांनीच पोसलाय, कारण त्यात बिल होत नाही.

तेव्हा मागण्या साध्या आहेत. रक्तपेढीत किंवा ऑपरेशनआधी ज्याची हिपॅटायटिसची तपासणी पॉझिटिव्ह येईल, त्याच्या हातात उपचार केंद्राची चिठ्ठी देणं सक्तीचं करा आणि न देणाऱ्याला जाब विचारा. बाळाला हिपॅटायटिस बीचा पहिला डोस जन्मानंतर चोवीस तासांत मिळालाच पाहिजे, मग तो रविवार असो की दिवाळी. सिरोसिसच्या प्रत्येक रुग्णाची सहामाही सोनोग्राफी योजनेत घ्या आणि तारीख चुकली तर त्याला फोन करा; कर्जाचा हप्ता चुकला की बँक करतेच ना? महागड्या औषधाच्या प्रत्येक एस्टिमेटवर रुग्णाचा चाइल्ड-प्यू आणि त्या गटात त्या औषधाने सरासरी काय मिळतं, ते मराठीत छापा. हे छापलं की अर्धी एस्टिमेटं निघायचीच थांबतील, याची मला खात्री आहे, आणि म्हणूनच ते कुणी छापणार नाही.

आणि तुम्ही, हे वाचून सरकारला आणि डॉक्टरांना शिव्या घालायला सरसावलेले. तुमचा स्वतःचा एचबीएसएजीचा निकाल काय आहे? माहीत नाही? मग आधी जवळच्या सरकारी रुग्णालयात जाऊन ती तपासणी करून घ्या. शिव्या घालायला रांगेत भरपूर वेळ मिळेल.